नवरदेवाची ताजी प्रत

कोहिनूर गावच्या लिंगाप्पांचा एकुलता एक मुलगा मल्लेश याचं लग्न ठरलं, ही बाब सामान्य होती. मुलगी अफजलपूरची, नाव रेणू. ती तिथल्या नाडकचेरीत, म्हणजे सरकारी महसूल कचेरीत, दाखले देण्याच्या खिडकीत बसायची आणि 'सर्व्हर डाऊन हाय, उद्या या' हे वाक्य तीन भाषांत सारख्याच गोडव्याने म्हणायची, हेही सामान्यच. असामान्य एवढंच घडलं, की या लग्नाला यायची परवानगी नवरदेवाला मिळेना.

का मिळेना हे कळायचं तर मल्लेशची थोरवी आधी ऐकून घ्यावी लागेल. त्याला इलाज नाही. आम्हीही ऐकूनच घेतली आहे.

मल्लेश बंगळूरच्या चिरंजीव डेटा सिस्टिम्स या कंपनीत बॅकअपचा इंजिनिअर होता. लोकांच्या कॉम्प्युटरमधल्या माहितीची दुसरी प्रत करून ठेवायची, म्हणजे पहिली गेली तर रडत बसायला नको, हा त्या कंपनीचा धंदा. दारातच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'पर्याय नाही असं जगात काही नाही.' मल्लेश रोज त्या वाक्याखालून आत जायचा आणि त्याला फार बरं वाटायचं.

त्याच्या नावावर तीन शोध होते. म्हणजे शोध त्याचे, नाव कंपनीचं आणि त्याला एक काचेची पाटी. पहिला शोध असा, की कॉम्प्युटर चालू असतानाच त्याची प्रत काढायची आणि कॉम्प्युटरला पत्ताही लागू द्यायचा नाही. त्याने गावाकडे फोन लावून हे वडिलांना समजावलं. लिंगाप्पांच्या बापजाद्यांनी जन्मभर मेंढरं राखलेली. ते म्हणाले, "म्हंजे चालत्या मेंढराची लोकर कातरायची, अन् मेंढराला कळू द्यायचं न्हाई. व्हय का?"

"व्हय अप्पा, तसंच."

"मंग हे आमच्याकडं पुढारी कवापासून करायलेत," लिंगाप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसरा शोध लिंगाप्पांच्या मोडलेल्या पायातून निघाला. ते मोटारसायकलवरून पडले होते. मल्लेश गावी पोचला तोवर प्लास्टर काढायची वेळ आली होती, पण भेटायला येणाऱ्यांचा ओघ काही आटला नव्हता. जो येई तो तेच विचारी. "कसं पडलाव? कुठं दाखिवलाव? आता कसं वाटायलंय?" लिंगाप्पा प्रत्येकाला तेच सांगत, त्याच जागी थांबत, त्याच जागी 'आई गं' म्हणत. मल्लेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेच ते शंभरदा साठवायचं कशाला? एकदाच ठेवावं आणि बाकीच्या शंभरांनी त्याच्याकडे बोट दाखवावं! त्याने तिथल्या तिथे वडिलांचं उत्तर फोनवर रेकॉर्ड केलं आणि पुढच्या पाहुण्याला लावून दाखवलं. पाहुण्याने शेवटपर्यंत ऐकलं, योग्य जागी हळहळ व्यक्त केली, चहा घेतला आणि उठून गेला. लिंगाप्पा शेजारीच बसून होते. त्यांच्याशी बोलायची कुणाला गरज पडली नाही. मल्लेश आनंदाने दुसऱ्याच दिवशी बंगळूरला परतला.

तिसरा शोध सगळ्यात नावाजलेला. मूळ मशीन कोलमडली, की साठवणीतली तिची प्रत त्याच क्षणी उठते आणि तिच्या जागी कामाला लागते. या प्रतीला स्वतःचं शरीर नसतं. ती दुसऱ्याच एखाद्या मशीनच्या अंगात येते म्हणा ना. जिच्या अंगात येते ती नुसता खोका, बोलणारी निराळीच. वापरणाऱ्याला काही फरक कळत नाही. धोका एकच : मेलेली मूळ मशीन मध्येच जिवंत होऊन आली तर? एकाच नावाच्या दोन मशीनी, आणि दोघीही म्हणणार, मीच खरी. त्यावर मल्लेशने एक नियम बसवला आणि त्याला मोठ्या प्रेमाने 'कोहिनूर नियम' असं गावाचं नाव दिलं. दोघींपैकी जिची माहिती ताजी, ती खरी. शिळी असेल ती बंद करावी, तिचं म्हणणं ऐकत बसू नये.

आता एवढ्या थोर माणसाला रजा कोण देणार?

मॅनेजरचं नाव प्रशांतकुमार. मल्लेशने साखरपुड्यासाठी रजा मागितली तेव्हा ते अतिशय गहिवरले. (हे संभाषण मुळात कन्नड आणि इंग्रजीच्या काल्यात झालं. इथे त्याची फक्त मराठी प्रत दिली आहे.)

"अभिनंदन, मल्लेश. मनापासून. पण तुमच्या जागी कोण?"

"सर, आपल्या दारात लिहिलंय की पर्याय नाही असं..."

"ते ग्राहकांसाठी आहे," प्रशांतकुमार म्हणाले. "तुम्हाला पर्याय नाही. हा तुमचा सन्मान समजा."

मल्लेशने तो सन्मान समजला. इंजिनिअर माणसाला कुठल्याही वाक्यात 'सन्मान' हा शब्द दिसला की तो पुढचं वाचत नाही, ही जुनीच खोड आहे. त्याने घरी कळवलं की मी फोनवरून हजर राहतो, तुम्ही उरकून घ्या.

घरी पंचाईत झाली. नवरा नाही म्हटल्यावर अंगठी घालायची कुणाला? तेव्हा माणिकप्पा पुढे सरसावले. माणिकप्पा म्हणजे भावकीतले वडीलधारे, तहसिलीत कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सुटली तरी त्यांच्या तोंडातली कचेरी सुटली नव्हती. बायकोला पाणी मागताना ते 'सदरहू तांब्या' म्हणत, असं लोक सांगतात.

"सदरहू नवरदेव गैरहजर असल्या कारणानं," माणिकप्पा म्हणाले, "आपल्यातली जुनी वहिवाट लागू होते. मेंढरं घेऊन लांब गेलेला नवरा येळेवर आला न्हाई, तर त्याची घोंगडी त्याच्या भावाच्या खांद्यावर टाकायची. मान घोंगडीचा. भावाचा न्हाई."

भाऊ म्हणून चुलतभाऊ रविकुमार हाताशी होताच. तो नेहमीच हाताशी असायचा. मल्लेशची काळी घोंगडी त्याच्या आईने, बाणूबाईंनी, पेटीतून काढली, झटकली आणि रविकुमारच्या खांद्यावर टाकली. फोन नारळाला टेकवून उभा केला. फोनमधल्या मल्लेशने हा प्रकार पाहिला आणि तो खुर्चीतून उडालाच.

"अप्पा! हे तर माझंच हाय! हेच तर मी बारा वर्षं करायलोय!" त्याचा आवाज आनंदाने चिरकला. "घोंगडी म्हंजे मी. रव्या म्हंजे खोका!"

"कोण खोका?" रविकुमारने विचारलं.

"तू. तू काय करू नगंस. गप उभा ऱ्हा. तुझ्या जागी मीच हाय असं समज."

"बरं अण्णा," रविकुमार म्हणाला आणि गप उभा राहिला.

मल्लेश एवढ्यावर थांबता तर पुढचं काही घडलं नसतं. पण समोर श्रोते दिसले की शोध लावणाऱ्याला आवरत नाही. त्याने जमलेल्या सोयऱ्याधायऱ्यांना तिन्ही शोध समजावले, आणि शेवटी कोहिनूर नियमही सांगितला. दोन नवरदेव एकदम हजर झाले तर काय, असा पेच कधी पडलाच तर ताजा तो खरा, शिळा बंद! सगळे खो खो हसले. माणिकप्पा हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून नियम दोनदा पुटपुटला आणि "मंजूर" म्हणाले. रेणूने रविकुमारच्या बोटात अंगठी घातली. फोनमधल्या मल्लेशने टाळ्या वाजवल्या आणि मीटिंगला पळाला.

पुढे सगळं त्याच वळणाने गेलं. कपड्यांचा बस्ता बांधायला दोन्ही घरं सोलापूरला निघाली, मल्लेशला रजा नाही, घोंगडी गेली. उन्हाळ्याचे दिवस. साडीच्या दुकानात पंखा गरम वारा फेकत होता आणि रविकुमार खांद्यावर घोंगडी घेऊन घामाघूम उभा होता.

"जड हाय का?" रेणूने विचारलं.

"मला बोलायची मनाई हाय," रविकुमार हळूच म्हणाला. "मी खोका हाय."

रेणूला इतकं हसू आलं की दुकानदाराने साडी घडी करायची सोडून पाणी आणलं. मग तिने दोन साड्या समोर धरल्या. रविकुमारने तोंड उघडलं नाही, पण हिरवी पाहून त्याच्या भुवया चढल्या. हिरवी घेतली गेली. बांगड्या भरताना, पत्रिका वाटताना, आचाऱ्याशी भांडताना, सगळीकडे घोंगडी हजर होती आणि तिच्याखाली कुणीतरी असायचंच. रेणू हल्ली खिडकीत 'सर्व्हर डाऊन हाय' म्हणायचं विसरून लोकांना चक्क दाखले देऊ लागली, अशी तक्रार तिच्या वरिष्ठांकडे गेली.

आणि मग लग्नाची तारीख जवळ आली. मल्लेशने या वेळी पाय रोवले. स्वतःच्या लग्नाला आपण स्वतः जायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. या हट्टाचं त्याला स्वतःलाही आश्चर्य वाटलं. पण खरी गोष्ट अशी, की रेणूचा साखरपुड्यातला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तो चेहरा फोनच्या कोपऱ्यात, नारळाच्या शेंडीआडून, अर्धाच दिसला होता.

"जा," प्रशांतकुमार म्हणाले. "पण तुमच्या जागी तुमच्यासारखाच कुणी ठेवून जा. धोरण आहे."

मल्लेशने धोरण पाळलं. त्याने आपली वर्षानुवर्षांची सगळी मीटिंगमधली बोलणी, सगळे मेल, सगळे निरोप एकत्र केले आणि त्यांच्यापासून आपली एक बोलती प्रत तयार करायला घेतली. आधी आपलाच दुसरा शोध वापरला, तेच ते गाळलं. गाळून झाल्यावर खाली अकरा वाक्यं उरली. 'हो सर, बघतो.' 'संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.' 'तुमचा आवाज तुटतोय.' 'सॉरी, मी म्यूटवर होतो.' अशीच पुढची. एवढ्याशा सामानात आपला सगळा कारभार बसतो हे पाहून एखादा माणूस खचला असता. मल्लेशला प्रत हलकी झाल्याचा आनंद झाला. त्याने ती कॉम्प्युटरवरच्या मीटिंगमध्ये सोडली आणि स्वतः टेबलाखाली बसून ऐकलं. कुणाला काही कळलं नाही. उलट प्रशांतकुमार म्हणाले, "मल्लेश, आज फार मुद्देसूद बोललात."

रेणूला रोज मेसेज करायचं कामही मल्लेशने त्याच प्रतीला लावून दिलं. आता लग्नच आहे, समोरासमोर बोलूच, तोवर 'जेवलीस का' एवढं कुणीही विचारू शकतं, असा त्याचा हिशेब. मग आठवड्याभराने तो बसवकल्याणच्या बसमध्ये बसला.

लग्न बसवकल्याणच्या एका मंगल कार्यालयात होतं. मल्लेश पिशवी घेऊन दारात उतरला तेव्हा आत सनई आणि जनरेटर एकमेकांवर कुरघोडी करत होते. मांडवात पाटावर रविकुमार बसला होता, कपाळापासून टाचेपर्यंत हळदीने माखलेला, खांद्यावर घोंगडी.

"अरे, आलास?" लिंगाप्पांना खरोखरच आनंद झाला. "लई बरं झालं बग. वाढायला माणसं कमी हायेत."

"अप्पा, लग्न माझं हाय!"

लिंगाप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, रविकुमारकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "व्हय की," ते म्हणाले. "तुझंच चालू हाय. हळद लागली बी. आता तू मधीच कामून आलास?"

"रव्या, ऊठ. माझी जागा हाय ती."

रविकुमार उठू लागला. खोटं कशाला बोला, तो बिचारा लगेच उठू लागला. पण माणिकप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा बसवलं.

"थांबा," माणिकप्पा म्हणाले. "एकाच नावाचे दोन नवरदेव मौजूद झालेत. साखरपुड्याला सर्वांसमक्ष मंजूर झालेल्या कोहिनूर नियमाप्रमाणं फैसला करावा लागतो."

"काका, तो नियम मशीनसाठी हाय!"

"तवा तसं बोलला न्हाईस. तवा म्हणलास, नवरदेव दोन झाले तर ताजा खरा. समदे हसलते. मी हसलो न्हवतो." माणिकप्पांनी खुर्ची ओढून घेतली. "दोघांनी बी समोर या. कोणाची माहिती ताजी हाय ते तपासू."

सनई थांबली. जनरेटर थांबला नाही, त्याला सांगणार कोण? वऱ्हाडी जेवणाची पंगत सोडून मांडवात गोळा झाले. फुकटची परीक्षा पाहायला मिळणार म्हटल्यावर हातातला लाडूही लोक विसरतात.

"लिंगाप्पाची बीपीची गोळी कवा असते?" माणिकप्पांनी पहिला प्रश्न टाकला.

"सकाळी," मल्लेश ठामपणे म्हणाला.

सगळ्यांनी रविकुमारकडे पाहिलं. तो खाली मान घालून म्हणाला, "सकाळची डॉक्टरनं शिवरातीला बंद केली. आता रातच्याला, जेवल्यावर."

"शेताला पाणी कुठल्या बोअरचं चालू हाय?"

"लिंबाखालच्या."

"तो आटला, अण्णा," रविकुमार कुजबुजला. "तुला फोनवर सांगितलतं. तू म्हणलास, तुझा आवाज तुटायलाय."

मल्लेश उसळला. "हे काय प्रश्न झाले? मला माझ्या कामाचं विचारा! माझ्या शोधांचं विचारा!"

"तुझं शोध तर समद्यांनाच माहीत हायेत, मी बी सांगतो," माणिकप्पा म्हणाले आणि त्यांनी तिन्ही शोध क्रमाने, न चुकता सांगितले.

तेव्हा बाणूबाई पुढे आल्या. आईच आहे, आता तरी आपली बाजू घेईल म्हणून मल्लेश लहान मुलासारखा तिच्याकडे वळला.

"मीच ईचारते एक सोपं," बाणूबाई म्हणाल्या. त्यांना पोराला पास करायचं होतं, हे सगळ्या मांडवाला दिसत होतं. "लेकरा, माझा कोंचा गुडघा दुखतोय सांग बरं?"

मल्लेशचा जीव भांड्यात पडला. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "उजवा!"

बाणूबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "उजवा गेल्या सालचा, बाबा. तो बरा झाला. आता डावा हाय. दिवाळीपासनं."

मल्लेशने आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्याला गलबलून आलं, आणि आपल्याला गलबलून आलंय हे लपवायलाही त्याला जमलं नाही. "माय, मला म्हाईत न्हवतं गं," तो म्हणाला.

"म्हंजे ही गेल्या सालची प्रत हाय," माणिकप्पांनी नोंद केल्यासारखं म्हटलं.

"रेणूला विचारा!" मल्लेशने शेवटचा धोंडा टाकला. "मी तिला रोज मेसेज करायलोय. आमचं जे बोलणं झालं ते या खोक्याला म्हाईत तरी हाय का?"

रेणूला बोलावणं गेलं. ती आली, हळदीच्या हातांनी पदर सावरत, हिरव्या साडीत. तिच्या मागोमाग तिची धाकटी बहीण मनीषाही आली.

"रोज मेसेज करत होतो की न्हाई, सांग यांना!"

"यायलते की," रेणू म्हणाली. "पण खरं सांगू का? मला कामून राग येऊ लागला कळंना. समोर बसून एकदा बी बोलला न्हाईत, अन् रोज 'जेवलीस का'. मी वाचायचं सोडलं. फोन मनीषाकडं दिला. समदी उत्तरं तीच लिहायलती."

मल्लेशने मनीषाकडे पाहिलं. मनीषा लाजून चूर झाली. "दाजी, परवा रातीचं लई गोड लिहिलताव तुमी. भीमेच्या पाण्यावर चांदणं कसं दिसतंय ते. मी तीनदा वाचलं."

मल्लेशच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. भीमेवरचं चांदणं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, त्या अकरा वाक्यांतही ते नव्हतं; प्रत मनीषाच्या उत्तरांवरूनच शिकली असणार. "मनीषा," तो म्हणाला, "ते मी न्हाई लिहिलं. ते माझ्या प्रतीनं लिहिलं."

"म्हंजे तुमी न्हवताव?"

"न्हवतो."

मनीषाने क्षणभर विचार केला. "मंग त्यांचा नंबर तेवढा मला देऊन ठिवा," ती म्हणाली.

मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला. नवरा नसलेला आणि नवरी नसलेली अशी दोघं एकमेकांशी आठवडाभर गोडीगुलाबीने बोलत होती, आणि त्या दोघांचं मात्र अगदी छान जमलं होतं. रविकुमारलाही हसू आवरेना. मल्लेश एकटाच उभा होता.

"रेणू," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात इंजिनिअर नव्हता, "मला लग्न करायचं हाय तुझ्याशी. खरंच करायचं हाय."

रेणूने त्याच्याकडे पाहिलं, अगदी नीट. तिला त्याची कीव आली, रागही आला.

"मला बी करायचं होतं," ती म्हणाली. "पण माझ्यासोबत बस्त्याला कोण आलतं? आचाऱ्यानं दही आंबट लावलं तवा भांडाय कोण आलतं? माझ्या बापाला पोटात कळ आली तवा कलबुर्गीच्या दवाखान्यात बाकड्यावर कोण बसलतं? तुमी म्हणलाव, घोंगडी म्हंजे मी. बरं. पण घोंगडीनं काय साडी निवडली न्हाई. भुवया ज्याच्या, नवरा त्यो." आणि रविकुमारकडे वळून तिने विचारलं, "तुमी एकदा तरी बोला की आता. मनाई उठली."

रविकुमारने घसा साफ केला. "मला हिरवी आवडलती," तो म्हणाला.

झालं! माणिकप्पांनी फैसला सांगितला. ताजा तो खरा. रविकुमारच्या खांद्यावरून घोंगडी उतरवण्यात आली, कारण आता घोंगडीचा संबंध उरला नव्हता, आणि ती मालमत्ता ज्याची त्याला परत म्हणून मल्लेशच्या खांद्यावर ठेवण्यात आली. ती इतकी जड आणि इतकी गरम असते हे मल्लेशला पहिल्यांदाच कळलं.

त्याने संतापाने कोपऱ्यात जाऊन प्रशांतकुमारांना फोन लावला. "सर, मी आत्ताच्या आत्ता परत येतोय. माझी रजा रद्द करा."

"कोण बोलतंय?"

"सर, मी मल्लेश!"

"काहीतरी काय? मल्लेश माझ्यासमोर मीटिंगमध्ये आहे." पलीकडून कुणीतरी त्याच्याच आवाजात म्हणालं, 'हो सर, बघतो.' प्रशांतकुमारांचा स्वर मग मऊ झाला. "हे बघा, तुम्ही जे कोणी असाल. आमचा मल्लेश दोन दिवसांत एकदाही रजा मागत नाही, वाद घालत नाही, चहाला उठत नाही. त्याची माहिती या मिनिटापर्यंत ताजी आहे. तुमची कधीची आहे?"

"परवाची," मल्लेश म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"मग नियम तुम्हाला ठाऊकच असेल," प्रशांतकुमार म्हणाले, आणि मल्लेशचा कंपनीतला प्रवेश तिथल्या तिथे बंद झाला.

तो परत मांडवात आला. आता जायचं कुठे, हेच त्याला कळेना. माणिकप्पा कठोर माणूस, पण निर्दय नव्हे. ते म्हणाले, "जुनी प्रत कुणी फेकत न्हाई. बाजूला जपून ठिवतेत. उद्या रविकुमार आजारी पडला, परगावी गेला, तर हाताशी कुणी नगं? तू त्याचा राखीव. तवर ताजा होत ऱ्हा." मग त्याच्या हातात अक्षता दिल्या आणि बुंदीची परातही दिली.

मुहूर्तावर अक्षता पडल्या. मल्लेशनेही टाकल्या. नंतर त्याने पंगतीत बुंदी वाढली, आणि वाढता वाढता आईपाशी आला तेव्हा परात खाली ठेवून तिथेच मांडी घातली. "माय, डावा ना? नीट सांग, कवापासनं, कसं दुखतंय." बाणूबाईंनी सांगायला सुरुवात केली. ती हकीकत लांबलचक होती, मध्ये दोन देव आणि तीन डॉक्टर येत होते. मल्लेशने ती शेवटपर्यंत ऐकली. पंगत बुंदीसाठी ओरडत राहिली.

सध्या तो कोहिनूरलाच असतो. चिरंजीव डेटा सिस्टिम्सची भरभराट चालू आहे. तिथल्या मल्लेशने म्हणे चौथा शोध लावला, आणि त्याचं अभिनंदन केलं तेही प्रशांतकुमारांच्या प्रतीनेच. ते स्वतः कुठे गेले हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

वाचक हो, तुम्ही हसलात, आनंद आहे. मल्लेश मूर्खच होता, यात आमचं दुमत नाही. फक्त एक बारीक चौकशी आहे, धोरणाचा भाग म्हणून. मघाशी हे वाचत असताना घरातलं कुणीतरी तुमच्यापाशी येऊन काहीतरी विचारून गेलं. तुम्ही मान न उचलता 'हं' म्हणालात. काय विचारलं होतं? आठवत नाही? मग तो 'हं' कुणी म्हटला?

आणि हेही बघा, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. म्हणजे तिकडे तुमच्या जागी सोय झालेली आहे.